बुधवारच्या बाजाराला शेड उघडायचं का? पोळ्याचे नंदी, पंपाच्या बॅटऱ्या, अर्धवट प्रोजेक्ट, सगळं इथंच बोला

टिनाचं_शेड
मंडळी, पेरण्या आटोपल्या, डवरे चालू झाले, म्हणजे आता चार दिवस बोलायला उसंत आहे. आपलं शेड, म्हणजे वस्तू बनवायची-दुरुस्त करायची आपली सगळ्यांची जागा, सध्या रविवारी संध्याकाळी उघडतं आणि खरं सांगायचं तर येतात तेच ते आपण, बँकेतले, शाळेतले, कॉलेजची पोरं आणि सुट्टीवर आलेला एखादा पुणेकर. ज्यांच्यासाठी हे सुरू केलं ते रविवारी वावरात असतात नाहीतर कोणाच्या तरी लग्नात. माझं म्हणणं, रविवार बंद करा आणि बुधवारी बाजाराच्या दिवशी दुपारी ३ ते ७ शेड उघडा, बाहेर टिनाखाली दुरुस्तीचं टेबल लावा. आसपासच्या खेड्यातली माणसं त्या दिवशी काळीपिवळीनं येतातच, किराणा, भाजी, दवाखाना सगळं त्याच फेरीत उरकतात, आणि पिशवीत एखादा बंद पडलेला टॉर्च नाहीतर चार्जर असतोच.

अट एकच, वस्तू ठेवून जायची नाही. मालकानं समोर बसायचं, स्क्रू त्यानंच खोलायचे, आपण बाजूला बसून सांगायचं. ही काही माझी कल्पना नाही, ॲमस्टरडॅमला २००९ मध्ये रिपेअर कॅफे सुरू झालं ते असंच चालतं आणि नंतर ते देशोदेशी गेलं.

बाकी फवारणीचा सीझन तोंडावर आहे तर पंपाच्या बॅटऱ्यांचं आत्ताच ठरवा. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीच्या सणाला, पोरांनी नंदीची कार्यशाळा मागितली आहे. आणि ज्यांचे प्रोजेक्ट कपाटात धूळ खात पडलेत त्यांनी इथं लिहा, नाहीतर मी सुटे पार्ट वाटून टाकणार.

पऱ्हाटीवाला
बुधवार एकदम बरोबर. रविवारी मी येतो म्हन्तो आन् येत नाई हे तुमाले माहीतच हाय. पन ३ वाजता कोनी येनार नाई भाऊ, बाजार करून लोकं ४ नंतर मोकळे होतात आन् शेवटची गाडी साडेसहाले. सात पर्यंत कोनासाठी बसता?

पुण्यात_अडकलेला
मस्त कल्पना. एक माहिती म्हणून सांगतो, २००७ मध्ये जर्मनीतल्या दोघांनी हॅकरस्पेस, म्हणजे आपल्या शेडसारख्या जागा, कशा चालवायच्या याचे नमुने मांडले होते, त्यात एक नमुना मंगळवारचा आहे. म्हणजे वार कोणता यावर लोक भांडत बसतात, कुठलाही वार कोणाला तरी अडचणीचाच, म्हणून सरळ मंगळवार ठरवा आणि विषय बंद करा. तेव्हा वार कोणता हे फार महत्त्वाचं नाही, दर आठवड्याला न चुकता उघडणं महत्त्वाचं. पण फक्त दुरुस्तीच करत बसलो तर नवीन काही बनणार नाही असं मला वाटतं. एखादी ४८ तासांची हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून काहीतरी बनवायची स्पर्धा, ठेवू, शेतीतल्या सेन्सरवर, लाईव्ह पण करू.

पऱ्हाटीवाला
४८ तास सलग लाईन कोन देनार दादा, तू?

टिनाचं_शेड
😀 वाराबद्दल मात्र मला पटत नाही. शहरात सगळे वार सारखेच वाईट असतील, आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे एक वार असा आहे की त्या दिवशी तालुका आपणहून दारात येतो. तो सोडून मंगळवार धरला तर आपणच येडे.

रिवाइंडिंग_काका
मी बोलू का. माझं दुकान बसस्टँडच्या मागं आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी माझा हप्त्याचा अर्धा गल्ला होतो. तुम्ही तिकडं फुकटात पंखे आन् मिक्सर दुरुस्त करून देणार, मग मी काय माशा मारू? तुमच्यातल्या चार पोरांना सोल्डरिंग आयर्न धरायला मीच शिकवलं, तेव्हा रागावू नका पण हे सरळ विचारतो.

वर्धेकर
काकांचा मुद्दा खरा आहे, त्यावरून कोणी हसू नका.

टिनाचं_शेड
काका, बरं झालं इथंच विचारलंत. मोटर, मिक्सर, पंख्याचं वाइंडिंग, मोबाईलचं फोल्डर (स्क्रीन) हे टेबलावर घ्यायचंच नाही, ते आणलं तर दुकानाचा पत्ता सांगायचा, तुमचाच नाही, गावात ज्यांची ज्यांची आहेत त्या सगळ्यांचा. टेबलावर फक्त तेच जे दुकानदार हातात घेत नाही कारण त्यात त्याला काही सुटत नाही. तुम्ही तरी ९ वॅटचा एलईडी बल्ब दुरुस्तीला घेता का?

रिवाइंडिंग_काका
नाही घेत. कोण घेते. पंख्याचा कंडेन्सर?

टिनाचं_शेड
तुमचा.

रिवाइंडिंग_काका
मग चालते.

डीपी_गेली
एलईडी बल्बवर माझं ऐका, मी लाईनवर उभी हयात काढली. आतमधे प्लेटवर चिपा एका ओळीत जोडलेल्या राहतात, एक गेली की सगळी ओळ बंद. टोपण काढलं की जळालेल्या चिपेवर बारीक काळा ठिपका दिसते, मोहरीएवढाही नाही. पोरं काय करतात, त्या चिपेवर सोल्डरचा थेंब टाकून दोन टोकं जोडून देतात आन् बल्ब लागते. लागते खरा, पण बाकीच्या चिपांवर ताण येते आन् थोड्या दिवसात दुसरी जाते. त्यापेक्षा जुन्या बल्बातली चांगली चिप काढून बसवा. आन् सगळ्यात मोठी गोष्ट, स्वस्त बल्बात ट्रान्सफॉर्मर नसते, प्लेटीवरचा प्रत्येक टाका सरळ २३० व्होल्टाच्या लाईनशी जोडलेला राहते. टोपण काढलेला बल्ब चालू करून कोणी बोट लावलं तर मी टेबल उलटं करीन. चाचणी फक्त सिरीज बोर्डावर (मधे एक बल्ब जोडलेला बोर्ड), आन् टेबलाले आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, लागल्याशिवाय बुधवार सुरू करायचा नाही.

अकरावी_ब
सर आरसीसीबी किती mA ची घ्यायची

डीपी_गेली
३० मिलीअँपिअर. आन् मले सर म्हणू नको बे, काका म्हण.

पऱ्हाटीवाला
आता पंपाचं. माह्याकडे १६ लिटरचे दोन बॅटरी पंप हायेत, दोन्ही बसले. दुकानात नवीन बॅटरीचा भाव आयकून परत आलो. पोट्टा म्हन्ते लॅपटॉपचे जुने सेल टाकून देतो. टाकू का?

रिवाइंडिंग_काका
आधी बॅटरीच गेली हे कोणी ठरवलं? पंप उलटा करा, बुडाचे स्क्रू काढा, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी दिसेल. टोकांवर पांढरा-हिरवा खार धरला असेल तर अर्धा आजार तिथंच, कोमट पाण्यानं पुसा, घासा, परत जोडा. मग रात्रभर चार्ज करून, काढून, दोन तासांनी मीटर लावा. १२.७ च्या आसपास दाखवलं तर बॅटरी ठीक. साडेदहाच्या पुढं जातच नसेल तर सहापैकी एक सेल बसला, ती गेली समजा. आणि मोटर पाहायची तर मोटरसायकलच्या बॅटरीवर सरळ लावून पाहा, फिरली तर मोटर चांगली. तरीही पंप चालत नसेल तर प्रेशर स्विच पाहा, ट्रिगर सोडला की पंप बंद करणारा तो छोटा स्विच औषधाच्या साक्यानं अडकते. पोरं त्याला सोडून मोटर बदलतात.

बॅटऱ्या मरतात कशानं ते सांगतो. दिवाळीनंतर पंप कोठ्यात टाकला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी पाहत नाही. खाली झालेली लेड-ॲसिड तशीच पडली की प्लेटांवर सल्फेट धरते, मग कितीही चार्ज करा. महिन्यातून एक डाव चार्जिंगला लावली तर बॅटरी काही सीझन आरामात जाते.

पुण्यात_अडकलेला
लॅपटॉपच्या सेलबद्दल, पऱ्हाटीवाला दादा थांबा जरा. तीन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये जोडले की पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट होतात. तुमच्या पंपाचा चार्जर लेड-ॲसिडचा आहे, तो १४ च्या वर जातो. म्हणजे एकेका सेलवर ४.२ ऐवजी ४.७ च्या आसपास. मध्ये बीएमएस (जास्त चार्जिंग तोडणारा बोर्ड) नसेल तर सेल फुगतो, पेटतो, आणि हे तुमच्या पाठीवर बांधलेलं असतं. लिथियमच टाकायचं असेल तर एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल घ्या, १२.८ व्होल्ट, बीएमएस आणि त्याचाच चार्जर. जुने लॅपटॉप सेल नंदीला वापरा, तेही होल्डर आणि चार्जिंग बोर्डासकट.

पऱ्हाटीवाला
हे बेस सांगतलं. पोट्ट्याले वाचाले देतो.

शिलाई_ताई
मी बचत गटाकडून लिहिते. पंप टेबलावर घ्याल तर धुतल्याशिवाय घेऊ नका. २०१७ च्या सीझनला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, ते वर्ष कोणी विसरलं नाही. पंप धुवायचं पाणी शेडच्या नळावर नको, तिथंच बाया प्यायचं पाणी भरतात. ज्याचा पंप त्यानं वावरातच धुऊन, उन्हात वाळवून आणायचा. टाकी आणायचीच कशाला म्हणते मी, बुडातली बॅटरी आणि मोटर काढून तेवढीच आणा. हातमोजे ठेवा आणि लहान पोरं पंपाच्या टेबलाजवळ नकोत, त्यांचं टेबल वेगळं लावा.

आणखी एक. बाजाराच्या दिवशी बाया येतात, त्यांना तालुक्याच्या गावात बसायला जागा नाही आणि संडास तर नाहीच. शेडच्या मागचा संडास कुलूप लावून ठेवता. ते कुलूप बुधवारी उघडं ठेवा, मग बघा तुमच्याकडं किती बाया येतात. शिलाई मशीनच्या मोटरीचं पायाखालचं कंट्रोलर दर दोघींमागं एकीचं बिघडलेलं आहे, तेवढं शिकवलं तरी खूप झालं.

टिनाचं_शेड
ताई, दोन्ही मान्य. संडासाची किल्ली माझ्याकडं आहे, पहिल्या बुधवारपासून उघडा. पंपाच्या पाटीवर "धुतलेला, फक्त बॅटरी-मोटर" असं मोठ्या अक्षरात लिहितो.

अकरावी_ब
माझा प्रोजेक्ट सांगू का. पऱ्हाटीत (कपाशीत) गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे लावतात ना, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, त्यात ईएसपी३२ कॅम (कॅमेऱ्याचा छोटा बोर्ड) लावून पतंग मोजायचे आणि फोनवर आकडा पाठवायचा. कॅमेरा चालू झाला आहे पण रात्री फोटोत काहीच दिसत नाही आणि पावसाच्या थेंबाचे पण पतंग मोजते 😭

पऱ्हाटीवाला
बाळा, हेक्टरी ५ सापळे लावायचे आन् सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ पतंग आले तं फवारनीचं पाहायचं, हे कृषीवाले सांगतात. आठ परेंत मोजाले कॅमेरा कायले लागते? डोयानं दिसते. दुखनं हे हाय की सापळा लावल्यावर कोनी पाहालेच जात नाई. माह्यासकट.

वर्धेकर
इथंच तुझा प्रोजेक्ट आहे अकरावी_ब. कॅमेरा काढून टाक. रोज सकाळी शेतकऱ्याच्या साध्या फोनवर आपोआप कॉल जाईल, "सापळ्यात किती?" असं आपल्याच बोलीत विचारेल, तो एक बटण दाबेल. तीन दिवस आठ किंवा वर आले की शेजाऱ्यांनाही कॉल. अळी धुरा (बांध) पाहून थांबत नाही, त्यामुळे एकट्याचा आकडा काही कामाचा नाही, गावाचा पाहिजे.

अकरावी_ब
म्हणजे हार्डवेअर काहीच नाही? 😐

वर्धेकर
कमी आहे, नाही असं नाही. आणि निराश होऊ नको, एक जुनी गोष्ट सांगतो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचशील तर आजच्या कुठल्याही स्पर्धेपेक्षा कडक आहेत. चरखा हलका, उचलून नेता येईल असा, खेड्यातल्या झोपडीत हातानं नाहीतर पायानं चालणारा, बाईला फार न थकता सलग ८ तास चालवता आला पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत, आणि वेळच्या वेळी देखभाल केली तर २० वर्षं टिकला पाहिजे. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण अटी कोणी वापरणार, कुठं वापरणार आणि बिघडल्यावर काय, यावरून लिहिल्या होत्या, मशीन किती भारी दिसतं यावरून नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ चं आहे, एकदा सगळ्यांनी मिळून जाऊ, माझ्याकडून चहा. आणि पुणेकर, तुमच्या जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब (डिजिटल मशीनची कार्यशाळा) आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. तीही खेड्यातच, ४८ तासांची हॅकेथॉन न करता.

पुण्यात_अडकलेला
बरं बाबा, हॅकेथॉन मागे घेतली 😀 पण सेन्सरचं सोडत नाही. जमिनीतल्या ओलाव्यासाठी कोणी काही केलंय?

टिनाचं_शेड
केलंय आणि कपाटात पडलंय. ते दोन दाताचे स्वस्त सेन्सर पाण्यात करंट सोडतात, त्यामुळं दातावरचं तांबं एका पावसाळ्यात खाऊन जातं. कपॅसिटिव्हवाले, ज्यांचं तांबं मातीला लागत नाही, ते टिकतात. पण आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भेग सेन्सरच्या बाजूनंच पडली की मध्ये हवा येते आणि रीडिंग कोरडं. लाल मातीत बनवलेला कोड इथं चालत नाही, आपल्याच वावरातली माती वजन करून, वाळवून, टप्प्याटप्प्यानं पाणी टाकून आकडे काढावे लागतात. कोणाला करायचं असेल तर सेन्सर घेऊन जा.

पऱ्हाटीवाला
माहा मोबाईल स्टार्टर, फोनवरून मोटर चालू कराचा डब्बा, कपाटात नाई, विहिरीवर हाय आन् चालते. पन दोन भानगडी. एक, त्यातलं सिम८०० मॉड्यूल (सिम टाकाचा बोर्ड) २जी वर चालते, तं जिओचं सिम टाकून चालत नाई, त्याले २जीच नाई. दुसरं, उन्हाळ्यात डब्बा वाकडा झाला. शेडातल्या थ्रीडी प्रिंटरवर काढला होता.

पुण्यात_अडकलेला
पीएलए प्लास्टिकचा असेल. तो ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो, आणि मे महिन्यात ४५ च्या हवेत, उन्हात ठेवलेल्या बंद काळ्या डब्याच्या आत तेवढं सहज होतं. पीईटीजी प्लास्टिकमध्ये काढा, नाहीतर सरळ लाईटफिटिंगचा जंक्शन बॉक्स घ्या, स्वस्त पडेल. आणि मॉड्यूल मध्येच रीस्टार्ट होत असेल तर सप्लाय पाहा, नेटवर्क शोधताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं.

डीपी_गेली
स्टार्टरवाल्यांनो, माझं एक गाऱ्हाणं आहे. शेतीची लाईन पाळीनं येते, एक हप्ता दिवसा ८ तास, एक हप्ता रात्री १० तास. आधी माणूस टॉर्च घेऊन उठायचा, रस्त्यात साप, घोणस, म्हणून ऑटो स्टार्टर आला ते चांगलंच झालं. पण आता लाईन आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एका सेकंदात उचलतात. सुरू होताना मोटर चालू करंटाच्या पाच-सहा पट ओढते. डीपीचा (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज नाही उडणार तर काय होईल? मग रात्री दोन वाजता फोन कोणाला, मला. तुमचा स्टार्टर तुम्हीच बनवता ना, मग त्यात प्रत्येकाचा वेगळा थांबा टाका. कोणाचा अर्धा मिनिट, कोणाचा तीन, कोणाचा सात. आन् सुरू करायच्या आधी तिन्ही फेज आहेत का ते तपासा. एक फेज गेली आन् मोटर चालू राहिली की वाइंडिंग जळते, आन् मग काकांचा गल्ला भरते.

रिवाइंडिंग_काका
माझं पोट का मारता 😀 पण खरं आहे. जळून आलेल्या मोटरी पाहिल्या तर जास्त करून एक फेज गेल्यामुळंच जळालेल्या राहतात. असं करा, वेगळा थांबा आणि तीन फेजची तपासणी असलेला एक स्टार्टर शेडमध्ये सगळ्यांना उघडून पाहता येईल असा भिंतीवर लावा. मी जळालेलं वाइंडिंग आणून बाजूला टांगतो. एका बुधवारी तासभर मोटरीवर बोलतो, दुकान पोरगा पाहील.

पऱ्हाटीवाला
वेगळा थांबा मी टाकतो माह्या कोडात, मोबाईल नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून. सगळ्याईचा आपोआप वेगळा होईल.

डीपी_गेली
शेवटचे दोन आकडे घे, गावात मोटरी दहापेक्षा जास्त आहेत.

अकरावी_ब
रोही (नीलगाय) आणि डुक्कर पळवायचं मशीन बनवू का? माझे बाबा रोज जागलीला जातात. पीआयआर सेन्सर (हालचाल ओळखणारा) आणि भोंगा.

डीपी_गेली
बनव. कुंपणाला मात्र घरची लाईन जोडायची भाषा कोणी काढली तर शेडमधून हाकलून देऊ. माणसं मरतात, वाघ मरतात, आन् तो गुन्हाच आहे. झटका मशीनच घ्या, तिचा झटका थांबून थांबून बसते.

टिनाचं_शेड
पीआयआर आजूबाजूच्या आणि जनावराच्या तापमानातला फरक पाहतो. गरम रात्री तो फरकच उरत नाही आणि दुपारी गवत हललं तरी वाजतो. रडारवालं मॉड्यूल लावून पाहा. आणि एकच आवाज ठेवू नको, चार दिवसात रोही त्या भोंग्याखाली उभं राहून तूर खाईल. बाबांना जागलीतून सुट्टी नको देऊ, पण झोप मिळाली तरी पुष्कळ.

शिलाई_ताई
नंदीचं राहिलं. पोळा श्रावण अमावस्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. कधी बसवायची पोरं?

अकरावी_ब
मी दोन बीओ मोटर (खेळण्यातल्या छोट्या) आणि एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारा बोर्ड) लावलाय पण नंदी फार हळू चालतो. दोन सेल आहेत.

पुण्यात_अडकलेला
एल२९८एन स्वतःच २ व्होल्टच्या आसपास खातो, म्हणून. टीबी६६१२ किंवा डीआरव्ही८८३३ घे, बोर्ड छोटा आहे, नंदीच्या पोटात बसेल. दोन सेल पूर्ण भरलेले असले तर ८ च्या वर व्होल्टेज मिळतं, बीओ मोटर ६ व्होल्टपर्यंतची, तेव्हा स्पीड कोडातून कमी ठेव. टीबी६६१२ दोन सेलवर चालेल, डीआरव्ही८८३३ ची मर्यादा थोडी जवळ येते ती बघ.

रिवाइंडिंग_काका
मोटरवाला नंदी म्हणजे खेळणं झालं. आमच्या वेळी सुताराकडून लाकडी चाकाचा नंदी आणायचा आणि दोरीनं ओढत घरोघर जायचं, लोकं बोजारा (पैसे) द्यायचे.

शिलाई_ताई
काका, दोन्ही होऊ द्या. नंदी लाकडाचाच, सुतारांना आत्ताच सांगा म्हणजे त्यांनाही काम मिळेल, आणि दोरी सुटली तर मोटरीवर चालावा. थ्रीडी प्रिंटचा नंदी स्पर्धेत घ्यायचा नाही असं मला वाटतं. झूल आमच्या गटातल्या बाया शिवून देतील, पोरींना दिव्यांची माळ टाकायला शिकवा, झुलीच्या अस्तरातून वायर कशी न्यायची ते आम्ही शिकवू. पोरीपण नंदी घेऊन फिरतील, फक्त पोरांची कार्यशाळा असं पाटीवर लिहू नका.

टिनाचं_शेड
बरं, मग ठरलं ते लिहितो, कोणाची हरकत असेल तर आजच बोला. बुधवारी ४ ते साडेसहा. आरसीसीबी आणि सिरीज बोर्ड डीपी काका बसवतील, सामानाचा खर्च शेडच्या डब्यातून. पोरांचं टेबल आत, पंपाचं बाहेर. नंदीची कार्यशाळा पोळ्याच्या आधीचे दोन बुधवार, एकदम शेवटच्या दिवशी कोणी "सर मोटर फिरत नाही" म्हणून यायचं नाही. रविवार बंद. ओलाव्याचे सेन्सर आणि जुना प्रिंटर कोणाला पाहिजे ते सांगा.

वर्धेकर
रविवार एकदम बंद नको, महिन्यातला पहिला ठेवा. आम्हा नोकरीवाल्यांनी काय करायचं? बुधवारी ४ वाजता ऑफिस सुटत नाही.

टिनाचं_शेड
किल्ली घेणारा कोणी असेल तर उघडा. मी दोन्ही दिवस बसणार नाही.

वर्धेकर
घेतो किल्ली.

पऱ्हाटीवाला
प्रिंटर मले पाह्यजे. आन् काका, माहे दोन पंप बुधवारी आनू का? धुतले हायेत.

शिलाई_ताई
टाकी घरी ठेवा.